मिरजेत लातूरपेक्षा पाऊस कमी, मग पाणी तिकडून का आलं?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: भूगोलात एम.ए. झालंय, पीएच.डी.ला नोंदणी झालीय. विषय मंजूर आहे, 'लातूर जिल्ह्यातील हवामानबदलाचा जलसंपत्ती, नागरीकरण, वाहतूक व उद्योग यांवरील परिणाम: एक भौगोलिक अभ्यास'. चाळीस वर्षांचे पावसाचे आकडे जमवले, संगणकावर कल काढला, पण कल काही निघत नाही. गाइड विचारतात, निष्कर्ष काय? आता आणखी कुठला डेटा आणू?

डेटा आणू नका. निदान आत्ता नको. माझी पंचवीसेक वर्षं मराठवाड्यातल्या विहिरी, बंधारे आणि तहसीलच्या दप्तरांत गेली, त्यातली शेवटची बारा-तेरा विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस वाचण्यात. तुमच्यासारखी शीर्षकं दरवर्षी दोन-तीन तरी समोर येतात. त्यांचा प्रबंध ठरलेला असतो: पहिलं प्रकरण स्थान-विस्तार, दुसरं पाऊस, तिसरं पाणी, चौथं शहर, पाचवं रस्ते-रेल्वे, सहावं एमआयडीसी. प्रत्येक प्रकरण आपल्या जागी बरोबर, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तुमची खरी अडचण आकड्यांची नाहीच. प्रश्नच ठरलेला नाही, म्हणून कुठलाही आकडा निष्कर्ष देत नाही.

तर आधी एक प्रश्न देतो, आवडला तर घ्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका फेरीला पंचवीस लाख लिटर. हे तुम्हाला माहीत आहेच, कदाचित घरातल्या हंड्यातही आलं असेल. आता हे बघा: लातूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस सुमारे 800 मिलिमीटर. मिरजेचा त्याहून कमी, आणि तिथून पूर्वेला जत-आटपाडीकडे गेलात तर आणखी कमी. म्हणजे जास्त पावसाच्या गावाला कमी पावसाच्या गावानं पाणी पाजलं. का?

उत्तर तुम्ही पटकन द्याल की मिरजेला कृष्णा आहे. बरोबर. पण हे उत्तर कागदावर नीट मांडायला गेलात की तुमच्या शीर्षकातले पाचही शब्द आपोआप एका ओळीत येतात. कृष्णेचं पाणी मिरजेच्या पावसाचं नाही, ते महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यातलं, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मिरजेच्या पाण्याचा प्रदेश शंभर-दीडशे किलोमीटर वायव्येला सह्याद्रीत आहे. लातूरच्या पाण्याचा प्रदेश बालाघाटात, बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला, जिथे मांजरा उगम पावते आणि जिथला पाऊस लातूरपेक्षा काही जास्त नाही. मांजरा ही दुष्काळी मुलखातच जन्मलेली नदी आहे, तिच्यामागे घाटमाथा नाही. धरण धनेगावला, तेही केज तालुक्यात, म्हणजे बीडमध्ये. तेव्हा 'लातूर जिल्ह्यातील पर्जन्यमान' हा तक्ता चाळीस वर्षांचा असो की शंभर, लातूर शहराच्या नळाला पाणी का आलं नाही हे तो सांगू शकत नाही. नळाचं पाणी त्या तक्त्यात पडलेलंच नाही.

मला सांगायचंय ते एवढंच. पावसाचा प्रदेश वेगळा, धरणाचा वेगळा, विहिरीचा वेगळा, उसाचा वेगळा, शहराचा वेगळा आणि रेल्वेचा तर फारच वेगळा. जिल्हा ही महसूल खात्याची सोय आहे. हे नकाशे एकमेकांवर ठेवले की जिथे जुळत नाहीत तिथे तुमचा प्रबंध आहे.

आता पावसाकडे येतो, कारण तुमचा बराच वेळ तिथे गेलाय.

मालिका वर जाते की खाली हे तपासणारी मान-केंडाल चाचणी तुम्ही लावली असणार, सगळेच लावतात. चाचणी चांगलीच आहे, पण मालिका कुठे सुरू होते आणि कुठे संपते याला ती फार हळवी आहे. मराठवाड्यात 1988 आणि 1990 ही भरपूर पावसाची वर्षं, 2014 आणि 2015 ही दोन्ही वाईट, आणि 2020 ते 2022 पुन्हा चांगली. 1988 ते 2015 घेतलंत तर रेघ खाली जाते आणि तुम्ही लिहाल 'पर्जन्यमान घटत आहे'. तीच मालिका 2022 पर्यंत ओढली की रेघ आडवी. 1972 पासून सुरू केलीत तर तिसरंच काही. तुमचा कल निघाला नाही याचं मला बरंच वाटलं. प्रामाणिक मालिकेत तो बहुतेक वेळा निघत नाही. 'वार्षिक पावसात ठाम कल दिसत नाही' हाही निष्कर्षच आहे, तो लिहायला लाजू नका. फक्त त्याच्या पुढचं वाक्य हवं: मग पाणी का संपलं?

त्यासाठी वार्षिक बेरीज बाजूला ठेवून दोन गोष्टी मोजा. एक, पावसाचे खंड. सोयाबीन नव्वद-शंभर दिवसांचं पीक, शेंगा भरताना ऑगस्टमध्ये वीस दिवस उघडीप पडली तर सप्टेंबरच्या ढगफुटीनं वार्षिक सरासरी भरून निघते, पीक निघत नाही. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तो पावसाचा दिवस, ही हवामान खात्याची व्याख्या घ्या आणि दोन पावसाच्या दिवसांमधलं अंतर मोजा. दुसरी गोष्ट, सलग वर्षं. 2014 आणि 2015 या दोन्ही पावसाळ्यांत मराठवाड्यात सुमारे चाळीस टक्के तूट होती. रेल्वे एका दुष्काळाची नव्हती, लागोपाठच्या दोन दुष्काळांची होती. प्रमाणित पर्जन्य निर्देशांक, म्हणजे ठरावीक महिन्यांचा पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा, तुम्ही तीन महिन्यांचा काढला असेल, तो पिकासाठी ठीक. धरणासाठी बारा आणि चोवीस महिन्यांचा काढा, चित्र एकदम बदलेल. आणि त्याच 2016 च्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं, हेही विसरू नका. सहा महिन्यांत रेल्वेपासून सांडव्यापर्यंत. अशा ठिकाणी सरासरी म्हणजे कुणीच न जगलेलं वर्ष.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी एक खटाटोप करा, तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला सापडला नाही. तुमच्या मालिकेतल्या पावसाची वारानुसार बेरीज काढा. सोमवार किती, मंगळवार किती, असं रविवारपर्यंत. पावसाला वार कळत नाही, त्यामुळे सातही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मी एकदा एका तालुक्याची तीस वर्षांची मालिका अशी तपासली तर रविवार जवळजवळ कोरडा आणि सोमवार ओलाचिंब. तिथे गेलो. पर्जन्यमापक आवाराच्या कोपऱ्यात लिंबाखाली, फांद्या थेट वर आलेल्या. नोंद सकाळी साडेआठला घ्यायची, पण सुट्टीच्या दिवशी घेणार कोण? शनिवार-रविवारचं साचलेलं पाणी सोमवारी मोजून एकाच तारखेला टाकलेलं. आता अशा मालिकेवर कुणी 'अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, पावसाचे दिवस घटले' असं लिहिलं तर तो हवामानबदल नसून कारकुनाची साप्ताहिक सुट्टी आहे. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्याकडे तेव्हा टंचाई, निवडणूक आणि जातीचे दाखले असं तिन्ही काम होतं.

पुढे महसूल मंडळांत महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आली, राज्यभर दोन हजारांवर. माणसाची सुट्टी गेली, पण मालिका तिथे तुटली. आधी तालुक्याला एक मापक, नंतर मंडळाला एक यंत्र. हे दोन तुकडे नुसते चिकटवू नका. भारतीय हवामान खात्याचा पाव अंशाच्या चौकोनांचा दैनिक पाऊस 1901 पासून मिळतो, तो जरूर घ्या. पण लातूर जिल्हा 7,157 चौरस किलोमीटरचा आणि असा एक चौकोन सातशेच्या वर, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला जेमतेम दहा चौकोन. औशात पडला आणि निलंग्यात नाही, हे त्यात पुसट होतं. शिवाय जुन्या काळातले चौकोन मोजक्या मापकांवरून भरलेले आहेत. जिल्ह्याची जुनी आकडेवारी काढताना हेही ध्यानात असू द्या की लातूर 1982 ला उस्मानाबादपासून वेगळा झाला. रेणापूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ हे तालुके त्याच्याही नंतरचे. 1948 च्या आधीचं दप्तर निजामाच्या राज्यातलं, वर्षं फसली, म्हणजे त्या काळच्या महसुली सनाची. फसली सनातून इसवी सन काढताना एक वर्ष इकडचं तिकडे झालेले प्रबंध मी पाहिलेत, आणि त्यांना पदवीही मिळाली आहे. असो.

आता पाणी. इथे मला थोडं थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त ढोबळ लिखाण याच प्रकरणात होतं.

पहिलं काम, एकक. वर्तमानपत्रं टीएमसीत (अब्ज घनफूट) लिहितात, पाटबंधारे खातं दलघमीत (दशलक्ष घनमीटर), महापालिका एमएलडीत (दिवसाला दशलक्ष लिटर), टँकरवाला खेपांत. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. पन्नास वाघिणींच्या गाडीच्या चारशे फेऱ्या केल्या की एक दलघमी होतो. हे एक वाक्य भिंतीवर लावून ठेवा.

मांजरा धरणाची एकूण क्षमता सुमारे 224 दलघमी, त्यातला उपयुक्त साठा सुमारे 177 आणि राहिलेला, सत्तेचाळीसच्या आसपास, मृत साठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. 2011 च्या जनगणनेत लातूर शहर 3.83 लाखांचं. माणशी 135 लिटर धरलं तर दिवसाला सव्वापाच कोटी लिटरच्या आत-बाहेर, वर्षाला एकोणीस दलघमी. गळती, वसतिगृहं, वाढलेली वस्ती धरून पंचवीस म्हणा. म्हणजे धरण एकदा भरलं तर शहराला सात वर्षं पुरावं, आणि नुसत्या मृत साठ्यावर कागदोपत्री जवळपास दोन वर्षं निघावीत. तरी 2016 च्या उन्हाळ्यात तळाला भेगा पडल्या होत्या. हे पाणी कुठे गेलं याचा ताळेबंद मांडणं हे तुमच्या प्रबंधाचं मधलं प्रकरण.

ताळेबंदात आवक, उपसा, बाष्पीभवन, पाझर आणि गाळ. मांजरा उथळ, पसरट धरण आहे. मराठवाड्यात उघड्या पाण्यातून वर्षाला दीड ते दोन मीटरचा थर उडून जातो, त्यामुळे साठा कमी झाला की शहराचा वाटा आणि उन्हाचा वाटा यांची बरोबरी होते. मग बुडीत क्षेत्रातल्या मोटारी. पाणी मागे हटत जातं तशा मोटारी आणि पाइप पुढे सरकतात, गाळपेऱ्याची जमीन उघडी पडते. याची नोंद कुठल्याच रजिस्टरात पूर्ण मिळणार नाही, ती उपग्रहाच्या चित्रांत आणि धरणाच्या काठावर चहा पिताना मिळते. आणि आवक: वर बीड-धाराशिवकडे जेवढे पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे आणि शेततळी झाली तेवढं वाहून येणारं पाणी वरच अडलं. ते चूक झालं असं माझं म्हणणं नाही. पाटोद्याच्या शेतकऱ्यानं आपला पाऊस लातूरच्या नळासाठी का सोडावा? पण चांगल्या वर्षी हा फरक दिसत नाही आणि कोरड्या वर्षी तो एकदम सगळा दिसतो. पावसात चाळीस टक्के तूट आली म्हणून धरणाच्या आवकेतही चाळीसच टक्के येते असं समजू नका. माती भिजल्यावर, वरचे खड्डे भरल्यावर जे उरतं ते वाहतं, आणि ते उरतच नाही.

भूजलाचं गणित आणखी छोटं आहे आणि म्हणूनच आणखी भेदक. खाली सगळा बेसाल्ट. मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात पाणी. खडकातून विहिरीला मिळू शकणारं पाणी त्याच्या घनफळाच्या दोन टक्के धरा, एखाद्या ठिकाणी एक, एखाद्या ठिकाणी तीन. 800 मिलिमीटर पावसातला दहावा हिस्सा मुरला असं मानलं तर 80 मिलिमीटर. दोन टक्क्यांच्या खडकात त्यानं विहिरीची पातळी चार मीटर वर येते. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब दिसते ती यामुळे, आणि आत मात्र, जमिनीवर पसरलं तर, तीन-सव्वातीन इंचच पाणी असतं.

आता ऊस. मोकाट पाण्यावरच्या उसाला सगळं धरून वर्षाला 2000 ते 2500 मिलिमीटर लागतं. पावसाचा वाटा वजा करून 1500 म्हणू. एका एकराला साठ लाख लिटर, म्हणजे पन्नास वाघिणींच्या गाडीच्या दोन-अडीच फेऱ्या. हेच भूजलातून घ्यायचं तर एका एकर उसामागे अठरा-एकोणीस एकर रानात मुरलेलं पाणी लागतं. ठिबकवर हे बरंच खाली येतं, हेही लिहा, नाहीतर शेतकऱ्यावर अन्याय होईल. पण तुमच्या उद्योगाच्या प्रकरणात 'साखर कारखाने भरपूर पाणी पितात' असं जे सरसकट लिहिलं जातं ते टाळा. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, नीट चालवलेला कारखाना गाळपात त्याच पाण्यावर बराच भागवतो. डिस्टिलरीची गोष्ट वेगळी. कारखान्याचं खरं पाणी कारखान्याच्या फाटकाबाहेर, त्याच्या कार्यक्षेत्रातल्या शेतांत आहे. म्हणून उद्योगाचा नकाशा काढताना एमआयडीसीचे भूखंड रंगवू नका, कार्यक्षेत्र रंगवा. ते तालुक्याची, जिल्ह्याची सीमा पाळत नाही. लातूरच्या डाळ मिल आणि सोयाबीनचे तेल-कारखाने याच्या अगदी उलटे: त्यांचा कच्चा माल पावसावर येतो, आडतीतून येतो, म्हणजे तिथे हवामानाचा संबंध पाण्यातून नाही, आवक आणि भावातून आहे. एकाच जिल्ह्यात दोन उद्योग, आभाळाशी दोन वेगळी नाती. यावर एक स्वतंत्र प्रबंध होईल.

भूजलाच्या आकड्यांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, अशा वर्षातून चार नोंदी. त्या पाणलोटानुसार लावलेल्या असतात, तालुक्यानुसार नाही, हे आपल्या फायद्याचं. पण या बहुतेक विहिरी उघड्या, खोदलेल्या. गावातले बोअर सहाशे, आठशे फुटांवर गेलेत. कायदा शेतीसाठी साठ मीटरची, म्हणजे दोनशे फुटांची मर्यादा सांगतो. विहिरीची पातळी ठीक आणि बोअर कोरडे, किंवा याच्या उलट, असं एकाच गावात दिसेल. दोन्ही खरं असतं, दोन वेगवेगळे थर आहेत. तक्त्यात एकत्र करू नका.

इथवर आलेलं एकदा गोळा करतो. पावसाच्या बेरजेत कल नाही, पण खंड आणि सलग तुटीची वर्षं आहेत. धरणाचं पाणलोट जिल्ह्याबाहेर आहे आणि तिथलं वाहतं पाणी वरच अडतं. जमिनीखालचा साठा उथळ आहे, आणि त्यावर उभं असलेलं पीक त्याच्या कित्येक पट मागतं. यात हवामानबदल कुठे? उसाची, बोअरची, बंधाऱ्यांची वाढ वेगळी काढून जे उरेल ते हवामानाचं. उलट दिशेनं गेलात तर सगळंच हवामानाच्या खात्यावर जाईल, आणि आरआरसीत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीत, कुणी चटकन 'मग ऊस?' म्हणालं की उत्तर नसेल.

शहराबद्दल. 2011 नंतर जनगणनेचे आकडे नाहीत, त्यामुळे लोकसंख्येचा अंदाज बांधताना लांबवर उडी मारावी लागते. लातुरात त्यात भर म्हणजे शिकवणी वर्गांची मुलं. 'लातूर पॅटर्न'साठी नांदेड, परभणी, बीड, सोलापूर कुठून कुठून मुलं येतात, दोन वर्षं राहतात, मतदार यादीत नसतात, रेशन कार्डावर नसतात, आणि पाणी मात्र इथलं वापरतात. त्यांची मोजणी कुणी करत नाही. वसतिगृहांच्या गल्ल्यांत फिरून खोल्या, खाटा, मेसचे डबे मोजा, हे कंटाळवाणं काम आहे पण तुमच्या प्रबंधातला सगळ्यात नवा आकडा तो असेल.

दुसरी जागा टँकरवाल्याची वही. एका टँकरवाल्यानं मला 2016 ची वही दाखवली होती. शाळेची चौकटीची वही, डिझेलच्या बोटांचे डाग. तारीख, कॉलनी, खेप, रोख की उधार, आणि शेवटच्या रकान्यात नुसतं गावाचं नाव, पाणी कुठून भरलं ते. फेब्रुवारीत ते गाव शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, मेमध्ये पंचवीसच्या पुढे. त्या एका रकान्यावरून शहर दर पंधरवड्याला किती लांब हात पसरत गेलं त्याचा नकाशा निघतो. असा नकाशा कुठल्याही कार्यालयात तयार मिळत नाही. तहसीलच्या टंचाई शाखेत मात्र अधिग्रहित विहिरींच्या याद्या मिळतात, गाव आणि तारखेसकट. वही आणि यादी शेजारी ठेवा. काही गावं दोन्हीकडे दिसतील, म्हणजे सरकारनं पिण्यासाठी जिथल्या विहिरी ताब्यात घेतल्या त्या गावशिवारातूनच खासगी टँकरही भरले जात होते. यावर मत देण्याआधी त्या गावात जाऊन या.

आणि वाहतूक, जे प्रकरण तुम्ही बहुधा रस्त्यांची लांबी आणि एसटीच्या फेऱ्यांनी भरणार होतात. पाण्याची गाडी कुठल्या मार्गानं आली ते बघा: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर. जवळपास साडेतीनशे किलोमीटर. हा जुना बार्शी लाइट रेल्वेचा रस्ता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं 1897 मध्ये बार्शी-कुर्डुवाडी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. ती 1911 ला लातूरपर्यंत आली आणि 1927 ला मिरजेला टेकली. पंढरीचे वारकरी आणि निजामाच्या मुलखातला कापूस-धान्य मुंबईच्या बाजारात नेण्यासाठीची ती गाडी. आमच्या घरातले जुने लोक तिच्यातून उतरून चालत पुढे जाऊन पुन्हा चढायच्या गोष्टी सांगत. या शतकाच्या पहिल्या दशकात आणि 2010 च्या सुमारास तुकड्या-तुकड्यानं तिचं ब्रॉडगेज झालं. तसं झालं नसतं तर मालगाडीच्या टाकी-वाघिणी लातूरच्या फलाटाला लागल्याच नसत्या. लातूरची तहान कुणी भागवायची हे शंभर वर्षांपूर्वी कापसासाठी ठरलेल्या रेघेनं ठरवलं. वाटेत कुर्डुवाडी लागतं, तिथून उजनी जवळ, आणि 'उजनीचं पाणी लातूरला' ही आपल्याकडची जुनी मागणी. पण त्या उन्हाळ्यात उजनीच मायनसमध्ये होतं, मृत साठ्यातून उपसा चालू होता. म्हणून गाडी उजनीला वळसा घालून कृष्णेपर्यंत गेली.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पूर्णवेळ संशोधन करत असाल आणि दुचाकी असेल तर हे सगळं तीन वर्षांत होतं. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर धरणाचा ताळेबंद आणि शहर, एवढंच घ्या, ऊस आणि भूजल दुसऱ्याच्या कामावरून आणा. उपग्रहचित्रं हाताळता येत नसतील तर त्यासाठी सहा महिने घालवू नका, पाण्याचा फुगवटा मोजण्यापुरतं कुणाकडून तरी शिकून घ्या. आणि शीर्षक बदलता येणार नाही, ही तुमची सगळ्यात मोठी भीती दिसते. बदलू नका. 'विशेष संदर्भ: मांजरा खोरे, 2011 ते 2022' अशी एक ओळ खाली जोडायला समिती सहसा हरकत घेत नाही, आणि त्या एका ओळीनं जिल्ह्याचं खोरं होतं. गाइडना ताळेबंदाचा एक तक्ता दाखवा, अर्धवट असला तरी. रिकामे रकाने बघितले की गाइड लोक शीर्षकापेक्षा त्या रकान्यांबद्दल बोलू लागतात, हा माझा अनुभव.

सुरुवात मे महिन्यात करा. दहा-बारा विहिरी ठरवा, निम्म्या धरणाच्या वरच्या अंगाला, निम्म्या शहराच्या बाजूला. पहाटे पोचा, मोटारी सुरू व्हायच्या आत, नाहीतर उपशाची पातळी मोजाल आणि तीच विहिरीची पातळी म्हणून लिहाल. साधी लोखंडी टेप, टोकाला ओळंबा, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासलेला. टेप पाण्यात बुडवून वर काढली की खडू ओला झालेला भाग गडद दिसतो, तिथला आकडा काठाच्या आकड्यातून वजा करायचा. काठ म्हणजे कठड्याचा की जमिनीचा, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहा आणि कठड्यावर ऑइल पेंटनं खूण करून ठेवा. मालकाला आधी फोन करा, कुत्रं बांधायला सांगा.